साखर बंद

साखर बंद. हे दोन शब्द कानावर पडले की अजून माझं डोकं फिरतं. परवा आमच्या पेठेतल्या एका तरुण डॉक्टरनं माझ्या तपासणीचा कागद बघितला आणि हसत हसत ते उच्चारले. "आजी, आता साखर बंद बरं का." मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. "बंद म्हणजे काय काय बंद, ते एकेक नाव घेऊन सांग," मी म्हटलं. त्याला वाटलं असणार, म्हातारी चळली. त्याला काय ठाऊक, की याच दोन शब्दांत माझा भाऊ गेला. आणि आम्ही ते मोडले म्हणून नव्हे. आम्ही ते अक्षरशः पाळले.

ही गोष्ट महाराजांच्या अमदानीतली, त्यांच्या अखेरच्या काही वर्षांतली. कोल्हापूरपासून दोन कोसांवर, पंचगंगेच्या काठी आमचं गाव. प्लेगात माझा नवरा गेला तेव्हा मी विशीत होते. सासरी माझ्या वाटणीला गोठा आणि शिव्या आल्या. सहा महिने मी त्या खाल्ल्या. मग एक दिवस माझा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. "धाकलीला न्यायला आलोय," एवढंच म्हणाला. कुणी आडवं यायची हिंमत केली नाही, कारण तरुणपणी तो तालमीतला गडी आणि अंग अजून तसंच दांडगं होतं. मी त्याला आण्णा म्हणायची. तो माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. त्याला मूलबाळ नव्हतं. घरात तो, त्याची बायको म्हणजे माझी वयनी, आणि मी. मला या जगात तेवढं एकच छप्पर होतं, आणि ते आण्णाच्या खांद्यावर होतं.

आण्णा गुळव्या होता. बैलांनी घाणा फिरवायचा, उसाचा रस काढायचा, मोठ्या काहिलीत तो तापवायचा, हे कुणीही करील. पण त्या रसाचा गूळ नेमका कधी झाला आणि काहील चुलवणावरून कोणत्या क्षणी उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. आण्णा ते बोटांनी ओळखायचा. बोटं थंड पाण्यात बुडवायची, झटकन उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण आवाज आला की तो ओरडायचा, "उतरवा!" आसपासच्या गावांतून त्याला बोलावणी यायची. त्याच्या गुळाची ढेप फोडली की आत बारीक बारीक कण चमकायचे. त्याला आम्ही कणी म्हणतो. शाहूपुरीच्या पेठेतले व्यापारी ढेप फोडून आधी उन्हात धरायचे आणि कणी बघायचे. आण्णाची कणी बघितली की पुढं त्यांची वटवट बंद व्हायची.

एका हंगामात एक नवल झालं. आण्णा बोटं पाण्यात बुडवायची विसरू लागला. तशीच कोरडी बोटं उकळत्या पाकात घालायचा, निवांत काढायचा आणि गोळी वळत वळत गप्पा मारायचा. बोटांना फोड यायचे, पण त्याच्या कपाळावर आठी नसायची. लोकांनी तोंडात बोटं घातली. "ह्यो हात न्हाई, पळी हाय पळी!" असं म्हणत दुसऱ्या गावचे गुळवे मुद्दाम बघायला यायचे. कुणी म्हणे, जोतिबा पावलाय. आण्णाही फुशारकीनं सांगायचा, "लई वर्सं जाळाजवळ काढली की जाळ बी वळखीचा हुतो." मी काय कमी होते? नदीवर धुणं धुताना मी बायकांना त्या हाताच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची. आज त्याची आठवण आली तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पौषातली गोष्ट असेल. दुपारी मी आण्णाची भाकरी घेऊन गुऱ्हाळात गेले. तो चुलवणाच्या तोंडाशी उभा राहून जाळ घालणाऱ्या गड्यावर ओरडत होता. मी जवळ गेले तशी मला एक घाण वास आला. आण्णालाही आला असावा. त्यानं नाक वर केलं आणि इकडंतिकडं बघितलं.

"कुनाचं चामडं जळतंय रं?" तो म्हणाला. "चाबूक पडला काय चुलवनात?"

मी खाली बघितलं. आण्णा निखाऱ्यावर उभा होता.

मी भाकरी टाकली आणि त्याला दोन्ही हातांनी मागं ढकललं. तो तिथंच चिपाडाच्या ढिगावर बसला. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, काळं भोक पडलं होतं. त्यानं तो पाय हातात धरून उलटा केला आणि बघत राहिला, जणू दुसऱ्या कुणाचा पाय त्याच्याकडं दाखवायला आणलाय. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. आमच्या दोघांच्या मनात त्या वेळी एकच शब्द आला, आणि दोघांनीही तो तोंडातून बाहेर पडू दिला नाही.

रगतपिती. शहरात ज्याला महारोग म्हणतात, ती.

आमच्या गावात ओढ्यापलीकडं एक खोप होती. मी लहान असताना तिथं एक माणूस एकटाच राहायचा. त्याची बायको दगडावर भाकरी ठेवायची, वीस पावलं मागं सरायची, मग तो येऊन भाकरी उचलायचा. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती म्हणे. काटा रुतलेला कळेना, चटका लागलेला कळेना. आणि आण्णाचा तर हात सगळ्या मुलखाच्या गुळात. नुसती शंका आली असती तरी तो गूळ कुणी जनावराच्या गव्हाणीतही घातला नसता. आण्णाला ओढ्यापलीकडं जावं लागलं असतं, आणि आम्हा दोघींना दगडावर भाकरी ठेवावी लागली असती. मला तो दगड डोळ्यांसमोरून हलेना.

आम्ही तिघांनी ते लपवायचं ठरवलं, असं म्हणता येणार नाही. ठरवायला बोलावं लागतं. वयनीनं जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. आण्णानं गुऱ्हाळात सांगितलं, टाच फुटलीय. आणि मी? मी रोज सकाळी परसात जाऊन बाभळीचा काटा स्वतःच्या पायाच्या बोटांना टोचून बघायची. दुखलं की बरं वाटायचं. आणखी एक केलं, ते लिहायला लाज वाटते. मी आण्णाचं ताट वेगळं घासायला लागले. राखेनं दोनदा, तीनदा. ज्यानं मला गोठ्यातून उचलून आणलं, त्याचं ताट! त्याच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की स्वतःच ताट उचलून बाजूला नेऊन ठेवायला लागला.

पायाची जखम भरेना. तिच्यातून पाणी गळायचं आणि आण्णाला त्याचं काही नाही, कारण दुखतच नव्हतं. उलट तहान अशी लागली होती की हंडा भरून ठेवावा आणि तो रिकामा व्हावा. घटकेघटकेला लघवीला उठायचा. भूक तर विचारूच नका. पाच भाकऱ्या खाऊन सहावीकडं बघायचा. आणि तरी गळ्याखालची हाडं दिसायला लागली. जाळाजवळ बसून तहान लागते आणि भीतीनं माणूस झिजतो, अशी आम्ही आमची समजूत घातली. भीतीनं झिजतो हे मला सहज पटलं, कारण मीही झिजत होते.

त्याच दिवसांत मी जोतिबाला नवस बोलले. आण्णाला रगतपिती नसली, तर त्याच्या वजनाचा गूळ डोंगरावर वाटीन. गुळानं तुला करीन आणि पहिला खडा माझ्या हातानं त्याच्या तोंडात घालीन. माझ्याजवळ स्वतःचं काही नव्हतंच. म्हणून त्याचाच गूळ मी देवाला बोलून टाकला.

फाल्गुनात नदीवर एका बाईनं विचारलं, "काय गं, तुझा भाऊ लंगडतोय न्हवं? पायाला काय झालंय?" विचारताना तिनं आपली घागर माझ्या घागरीपासून जरा लांब सरकवली. मला तेवढं पुरलं. घरी येऊन मी आण्णाला ते सांगितलं आणि म्हटलं, "डाक्तरला दावू या."

"आनि त्यानं सांगितलं तर?" आण्णा म्हणाला.

"सांगितलं तर सांगितलं. ती बाई सांगायच्या आदी आपुन ऐकू या की."

शाहूपुरीला गूळ घालायच्या निमित्तानं आम्ही तिघं गाडीत बसलो. आण्णानं पाय पोत्यांखाली लपवला होता. गूळ पेठेत उतरवला आणि मग रंकाळ्याच्या बाजूला एका डॉक्टरचा खाजगी दवाखाना होता, तिथं गेलो. डॉक्टर शिकलेला, मितभाषी, शहरी बोलीचा. बाहेर ही रांग. त्यानं आण्णाला डोळे मिटायला लावले, टाचणी टोचली, कापूस फिरवला. कानाच्या पाळ्या चाचपल्या, कोपराजवळची शीर दाबली, पाठ उजेडाकडं करून चट्टे शोधले. मी भिंतीला धरून उभी होते. मग त्यानं विचारलं, तहान फार लागते का? लघवी फार होते का? वयनीनं मान डोलावली. त्यानं आण्णाला एक बाटली देऊन मागं पाठवलं.

त्या बाटलीतले काही थेंब त्यानं काचेच्या नळीत निळ्या पाण्यात टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी खदखदलं, हिरवट झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. उकळताना रंग बदलणारं काही बघायची आम्हाला जन्माची सवय. आण्णा खुर्चीतनं पुढं वाकून नळीकडं बघत होता. त्याच्या तोंडून नकळत निघालं, "उतरवा."

डॉक्टर हसला. "महारोग नाही हा," तो म्हणाला. "मधुमेह आहे. तुमच्या लघवीतून साखर जाते आहे. बोटांची आणि पायांची जाणीव त्यानंच गेली आहे."

त्यातलं पहिलं वाक्य तेवढं आमच्यापर्यंत पोचलं. वयनी मटकन खाली बसली. आण्णा, तालमीतला आण्णा, हुंदके देऊन रडायला लागला आणि डॉक्टरच्या पाया पडायला वाकला. डॉक्टरनं त्याला अडवलं. दारात पुढचा रोगी उभा होता. "हे पाहा, जखम रोज धुवा. पाय जमिनीला टेकवू नका. आणि पथ्य एकच आहे, पण कडक आहे. साखर बंद. अजिबात बंद. समजलं?"

"समजलं सायेब," आण्णा म्हणाला. "मरूस्तवर हात लावनार न्हाई साखरंला."

समजलं की! त्यात न समजण्यासारखं काय होतं? साखर म्हणजे ती पांढरी, परक्या मुलखातून शहरात यायची, कुणी अंमलदार घरी उतरला तर वाटीत निघायची. आमच्या घरात सणाला आणलेली तिची एक पुडी फळीवर होती. वयनीनं त्याच संध्याकाळी ती शेजारणीला देऊन टाकली आणि पुडीचा कागदसुद्धा चुलीत घातला. इतकं सोपं पथ्य असतं होय, असं म्हणून आम्ही कित्येक दिवसांनी पहिल्यांदा मोकळेपणानं हसलो. मी आण्णाचं ताट पुन्हा आमच्या ताटांत मिसळून घासलं.

चैत्राची यात्रा उरकली, गर्दी ओसरली, तसे आम्ही जोतिबाच्या डोंगरावर गेलो. आण्णाला पाय टेकायचा नव्हता, म्हणून गाडीतून दोघा गड्यांच्या खांद्यावर त्याला देवळापर्यंत नेलं. पायऱ्यांवर, भिंतींवर, दुकानांच्या फळ्यांवर गुलाल अजून बसलेला होता. तुलेसाठी आण्णानं बसल्या जागेवरून हुकूम सोडून मुद्दाम पाच पाच शेरांच्या लहान ढेपा पाडून घेतल्या होत्या. त्याचं अंग सगळ्यांना ठाऊक होतं, त्या अंदाजानं सतरा ढेपा आणल्या होत्या. एका दुकानदारानं त्याचा मोठा तराजू टांगून दिला. एका पारड्यात आण्णा मांडी घालून बसला. दुसऱ्यात आम्ही ढेपा रचल्या.

पंधरा ढेपा झाल्या तेव्हा आण्णाचं पारडं केव्हाच वर गेलेलं होतं.

"पावणं, गूळ लई झाला की!" दुकानदार ओरडला. लोक हसले. आण्णाही हसला. मी एक ढेप उतरवली, मग दुसरी, मग तिसरी. आण्णा वरच. बारा ढेपांवर काटा सरळ झाला. आणलेल्यातल्या पाच ढेपा माझ्या पायाशी पडून होत्या. माझ्या भावाचं तेवढं मांस कुठं गेलं, असं माझ्या मनात आलं. पण दुकानदार टाळ्या पिटत होता, वयनी डोळे पुसत होती, आणि मी बोललेला नवस फेडत होते. मी ढेप फोडली, चांगला मोठा खडा घेतला आणि माझ्या हातानं आण्णाच्या तोंडात घातला. त्यानं तो असा खाल्ला की माझी बोटं चावली जातात की काय असं वाटलं.

जवळ उभ्या असलेल्या एका म्हातारीनं त्याच्यापुढं प्रसादाचा बत्तासा धरला. आण्णानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "नगं आज्जी. साखर बंद हाय मला," तो म्हणाला, आणि गुळाचा दुसरा खडा उचलला.

हे सगळं काय होतं ते मला कळायला पुढं खूप वर्षं लागली. आण्णा गेल्यावर मी शहरात एका दवाखान्यात कामाला लागले, लिहायला वाचायला शिकले, रोग्यांच्या जखमा धुतल्या. तिथल्या एका थोरल्या डॉक्टरनं मला समजावून सांगितलं. आपण भाकरी खाल्ली काय आणि गूळ खाल्ला काय, त्याची शेवटी साखरच होते आणि ती रक्तातून अंगभर फिरते. पण रक्तात असून भागत नाही, ती मांसाच्या बारीक बारीक पेशींच्या आत शिरली पाहिजे. आत शिरायला दाराची कडी निघावी लागते. ती कडी काढणारा रस पोटामागच्या एका ग्रंथीतून येतो. काहींच्या अंगात तो रसच बनत नाही. आण्णासारख्या वय झालेल्या, अंगानं जड माणसांत तो बनतो, कधी कधी जास्तच बनतो, पण कडीच त्याला जुमानत नाही. ग्रंथी आणखी रस सोडते, कडी आणखी घट्ट होते, आणि एक दिवस ग्रंथी थकते. मग साखर दाराबाहेर तुंबते, लघवीतून वाहून जाते, जाताना अंगातलं पाणी ओढून नेते, शिरा आणि जाणीव खराब करते. आणि दाराच्या आत पेशी उपाशी. पाच भाकऱ्या खाऊन सहावीकडं बघणारा माझा भाऊ खरोखरच उपाशी होता.

त्या डॉक्टरनं आणखी एक सांगितलं. राबणारा स्नायू थोडी साखर कडी न काढताही आत ओढतो. तरुण आण्णा तालमीत घुमायचा, रसाचे हंडे उचलायचा. गुळव्या झाल्यावर तो काहिलीजवळ बसून हुकूम सोडू लागला, पोट सुटलं, आणि आम्हाला ते खात्यापित्या घरचं लक्षण वाटलं. ऐकताना मी मान डोलवत होते. बाहेर येऊन मी मोरीत तोंडावर पाणी मारून घेतलं. त्या काळी ती कडी काढायचं औषध कोल्हापुरात काय, कुठंच नव्हतं. होतं ते फक्त पथ्य. तेवढी एकच गोष्ट आमच्या हातात होती.

तुलेनंतर आण्णा झपाट्यानं उतरला. पाय टेकायचा नाही म्हणून दिवसभर बाजेवर. अशक्तपणा आला की आम्ही काय द्यायचो? गूळपाणी. दूध प्यायचा तर गुळाचं. भाकरीवर काकवी. मी वाट्या भरभरून आणायची आणि तो चाटूनपुसून खायचा. खाणारा माणूस मरत नाही, असं मला वाटायचं. वैशाखात एका सकाळी पट्टी सोडली तर अंगठा काळा पडलेला होता आणि काळेपणा पावलावर चढत होता. वासानं वयनीला उलटी झाली. आण्णाला काही कळलं नव्हतं.

पुन्हा तीच गाडी, पुन्हा तेच दवाखान्याचं बाक. डॉक्टरनं पाय बघितला आणि त्याचा चेहरा पडला. पुन्हा नळी, पुन्हा निळं पाणी. या वेळी ते मधे कुठं थांबलंच नाही, एकदम लाल.

"पथ्य पाळता ना?" त्यानं विचारलं.

"व्हय की सायेब," वयनी मान ताठ करून म्हणाली. "साखरंचा कन न्हाई घरात. पेढा न्हाई, बत्तासा न्हाई. डोंगरावरचा परसाद सुदिक परत केला ह्येनी."

"मग खातात काय?"

"भाकरी, दूद, काकवी. आनि येळंयेळंला गूळ. अशक्तपना लई हाय न्हवं."

डॉक्टर लिहीत होता, तो थांबला. "गूळ?"

"घरचाच हाय सायेब," आण्णा बाकावरून म्हणाला. अंगात ताप होता तरी त्याच्या आवाजात तीच जुनी ऐट होती. "म्या सवता केल्याला."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "अहो, गूळ म्हणजे साखरच." आणि थोड्या वेळानं, आमच्याकडं न बघता, "तुम्ही धंदा काय करता ते मी विचारायला हवं होतं."

त्यानं सांगितलं ते असं, की विष वर चढलं आहे, पाय कापावा लागेल आणि या अवस्थेत कापला तरी माणूस वाचेल असं नाही. आण्णानं नको म्हटलं. माझ्या कानांत ते सगळं लांबून आल्यासारखं येत होतं. मला माझी बोटं दिसत होती. उजव्या हाताची, ज्यांनी डोंगरावर खडा भरवला ती.

परतताना आण्णा गाडीत आडवा होता. गाडी पंचगंगेच्या उतारावर आली. तेव्हा तो म्हणाला, "धाकले, म्हंजे जलमभर म्या साखरच करत हुतो व्हय गं?"

मी बैलांच्या पाठीकडं बघत बसले.

वयनीनं त्या दिवशी घरातला सगळा गूळ उचलून गोठ्यात नेऊन ठेवला. उचलताना ती रडत होती आणि गुळालाच शिव्या देत होती. पुढचे चार दिवस आण्णा तापात होता. त्याचा श्वास जोरजोरात चालायचा आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायचा. मी पाणी पाजत बसायची. प्रत्येक घोटाला मला वाटायचं, हे पाणी तरी नीट आहे ना? माझ्या हातच्या कशाचीच मला आता खात्री वाटत नव्हती. आजही मी रोज सकाळी टाचणी घेऊन माझ्या पायाची दहाही बोटं टोचून बघते. डाव्या करंगळीला गेल्या महिन्यापासून कळत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी आण्णा जरा शुद्धीवर आला. "एक ढेप आन," म्हणाला.

मी जागची हलले नाही. "खायाला न्हाई गं," तो म्हणाला. "हातात दे नुसती."

मी गोठ्यातून एक लहान ढेप आणली, उंबऱ्यावर फोडली आणि त्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो चिमटीत धरून चुरला, आयुष्यभर चुरायचा तसा. पुन्हा पुन्हा चुरला. "कनी लागत न्हाई बोटाला," तो म्हणाला. मग तुकडा माझ्यापुढं धरला. "उजेडात धर. बग बरं, साखर दिसती का त्यात?"

दारातून ऊन आत आलं होतं. मी तुकडा उन्हात धरला. आतून बाहेरून, सगळीकडं, कण चमकत होते. इतकी सुंदर कणी मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही.

"न्हाई, आण्णा," मी म्हटलं. "नुसता गूळ हाय."